विहिरीच्या आंकड्यांचें चित्र : एका ओळीच्या आज्ञेनें आलेख काढण्याचा धडा

शेतकरी आंकडे ठेवीत नाहीं, ही तक्रार आतां पूर्वीइतकी खरी राहिलेली नाहीं. घरीं पर्जन्यमापक बसविणारे, विहिरीच्या पाण्याची खोली टिपणारे व बाजार समितीच्या पावत्या जपून ठेवणारे बागाइतदार आज गांवोगांव आढळतात. परंतु वही भरली म्हणजे काम संपलें असें नव्हे. आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. तेथें शेंकडों तक्ते आमच्या हातांखालून गेले. तक्ता तपासणारास बेरीज जुळली कीं नाहीं एवढें दिसतें. आंकडे कोणीकडे चालले आहेत हें सहसा दिसत नाहीं. तें दाखविणारें साधन म्हणजे आलेख होय. तो आलेख घरच्या संगणकावर एका ओळीची आज्ञा देऊन कसा काढावा, व त्यावरून रब्बी-उन्हाळी पिकाचा निर्णय कसा घ्यावा, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आलेखाची युक्ति फार जुनी नव्हे. विल्यम प्लेफेअर नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ सालीं इंग्लंडच्या व्यापाराचे आंकडे रेघांनीं दाखविणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. याच गृहस्थानें १८२१ सालीं शेतीच्या हलाखीविषयीं एक पुस्तिका लिहिली, व तींत १५६५ पासून १८२१ पर्यंतचा गव्हाचा भाव आणि कारागिराची आठवड्याची मजुरी हीं दोन्हीं एकाच चित्रांत मांडलीं. भाव उभ्या पट्ट्यांनीं व मजुरी रेघेनें दाखविली होती. मजुरीच्या मानानें गहूं पूर्वीं कधींहि इतका स्वस्त नव्हता, असा निष्कर्ष त्यानें त्यावरून काढला. अडीचशें वर्षांचे आंकडे नुसते वाचून जी गोष्ट ध्यानांत येण्यास आठवडा लागता, ती चित्रावरून घटकाभरांत ध्यानांत येते.

साधन कोणतें

हाताने चौकटीच्या कागदावर आलेख काढतां येतो, व ज्यानें तो एकदां तरी काढला आहे त्यास पुढील धडा सोपा जाईल. परंतु दर आठवड्यास नवा आंकडा आला कीं चित्र पुन्हां काढावें लागतें, आणि येथेंच पुष्कळांचा उत्साह संपतो. यासाठीं संगणकावर ग्नूप्लॉट नांवाची एक आज्ञावली आहे. थॉमस विल्यम्स व कॉलिन केली या दोघांनीं १९८६ सालीं ती तयार करण्यास आरंभ केला, व तेव्हांपासून अनेकांच्या हातून ती वाढत आली आहे. ती मूल्य न देतां मिळते, आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर चालते.

या आज्ञावलींत चित्रांवर बोट ठेवून काम करण्याची रीत नाहीं. टर्मिनल नांवाची खिडकी उघडून तींत आज्ञा अक्षरांनीं लिहावयाची असते. हें प्रथम कठीण वाटतें. परंतु लेखी आज्ञेचा गुण कारकुनीशीं संबंध आलेल्या मनुष्यास सांगावा लागत नाहीं. तोंडी हुकूम विसरला जातो. लेखी हुकूम दप्तरीं राहतो. चित्र कोणत्या आंकड्यांवरून व कोणत्या मापानें काढलें हें त्या ओळींत नमूद असतें, आणि पुढील वर्षीं तीच ओळ नव्या आंकड्यांवर चालविली म्हणजे त्याच मापाचें चित्र निघतें. दोन वर्षांची तुलना खरी होण्यास मापें एकच असावीं लागतात.

येथें एक सूचना. आज्ञा इंग्रजी शब्दांच्या आहेत व त्या रोमन लिपींत, लहान अक्षरांत टंकावयाच्या असतात. या लेखांत आम्ही त्यांचा उच्चार देवनागरींत देत आहों. घरांत इंग्रजी शिकणारा मुलगा अथवा मुलगी असेल, तर त्यांस शेजारीं बसवावें. आज्ञावलीचें नांव टंकतांना जी, एन, यू, पी, एल, ओ, टी हीं सात अक्षरें क्रमानें लिहावीं. आंकडेहि इंग्रजी अंकांतच टंकावे. मराठी अंक या आज्ञावलीस संख्या म्हणून वाचतां येत नाहींत.

आंकड्यांची फाइल

प्रथम आंकडे कसे घ्यावे तें पाहूं. विहिरीच्या कठड्यावर रंगाची एक खूण करावी. पंप सुरूं करण्यापूर्वीं, सकाळीं, त्याच खुणेपासून वजन बांधलेला मापाचा फीत सोडून पाण्याची खोली घ्यावी व तींतून कठड्याची उंची वजा करावी. दोन मापांत चौदा दिवसांचें अंतर असलें तरी चालेल. परंतु पंप चालूं असतां घेतलेलें माप व बंद असतां घेतलेलें माप एकाच रकान्यांत घालूं नये. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींचीं मापें वर्षांतून चार वेळां घेतें. देशाच्या हिशेबास तीं उपयोगीं पडतात, परंतु आपल्या विहिरीचा उतार समजण्यास आपलेंच माप पाहिजे.

तारखेऐवजीं १ जूनपासून मोजलेला दिवसाचा क्रमांक लिहिला तर काम सोपें होतें. हवामान खातें नैर्ऋत्य मोसमी पावसाचा हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर असा धरतें. म्हणून १ जून हा पहिला दिवस व ३० सप्टेंबर हा १२२ वा. पुढें ३१ ऑक्टोबर १५३ वा, ३० नोव्हेंबर १८३ वा, ३१ डिसेंबर २१४ वा व ३१ मार्च ३०४ वा. फेब्रुवारीचे दिवस २९ असतील त्या वर्षीं मार्चपासून एक दिवस वाढवावा.

आतां साध्या अक्षरांची फाइल लिहिणाऱ्या कोणत्याहि आज्ञावलींत पुढील ओळी लिहाव्या व ती फाइल "विहीर.डॅट" या नांवानें ठेवावी. आंकडे आम्हीं धड्यापुरते कल्पिलेले आहेत.

# दिवस खोली
१५४ ४.०
१६८ ४.६
१८२ ५.३
१९६ ६.१
२१० ६.९

दोन रकान्यांमध्यें मोकळी जागा सोडावी. रेघा आंखूं नयेत. ज्या ओळीच्या आरंभीं # ही खूण आहे ती ओळ आज्ञावली वाचीत नाहीं. ती आपल्या आठवणीसाठीं आहे. पहिला रकाना दिवसाचा, दुसरा जमिनीपासून पाण्यापर्यंतच्या खोलीचा, मीटरांत. १५४ वा दिवस म्हणजे १ नोव्हेंबर व २१० वा म्हणजे २७ डिसेंबर.

पहिली आज्ञा

ज्या फोल्डरांत ही फाइल आहे त्यांतच टर्मिनल उघडून ग्नूप्लॉट सुरूं करावें, आणि पुढील ओळ लिहावी :

प्लॉट "विहीर.डॅट" यूझिंग १:२ विथ लाइन्सपॉइंट्स

हिचा अर्थ असा : या फाइलीचा पहिला रकाना आडव्या मापावर व दुसरा उभ्या मापावर घेऊन, ठिपके मांड व ते रेघेनें जोड. एंटरची कळ दाबतांच चित्र समोर येतें. परंतु तें पाहून शेतकरी चकित होईल, कारण रेघ वर चढत आहे आणि पाणी तर खालीं जात आहे. खोली वाढली म्हणून रेघ चढली. यासाठीं उभें माप उलटें करावें, म्हणजे शून्य वर व तळ खालीं :

सेट वायरेंज [१२:०]

ही ओळ देऊन पहिली आज्ञा पुन्हां दिली कीं चित्राचा माथा म्हणजे जमीन व बूड म्हणजे बारा मीटर खोल विहिरीचा तळ असें होतें. आतां रेघ पाण्याबरोबर उतरते. विहिरींत डोकावल्यासारखेंच तें चित्र दिसतें.

कांदा लावावा कीं न लावावा

आतां मुख्य प्रश्न. २७ डिसेंबरचा दिवस आहे, रोप तयार आहे, आणि दोन एकर उन्हाळी कांदा लावावयाचा आहे. पंपाचा फूटव्हॉल्व्ह ११ मीटरांवर आहे, म्हणजे पाणी त्याखालीं गेलें कीं पंप निरुपयोगी. पाणी आज ६.९ मीटरांवर आहे. वहींत पाहणारा म्हणेल, अजून चार मीटर पाणी आहे, चिंता नको. आलेख काय म्हणतो तें पाहूं.

पुढील ओळी दुसऱ्या एका फाइलींत लिहून तिला "विहीर.जीपी" हें नांव द्यावें :

एफ(एक्स) = एम*एक्स + सी
फिट एफ(एक्स) "विहीर.डॅट" यूझिंग १:२ वाया एम, सी
सेट एक्सरेंज [१५०:३१५]
सेट वायरेंज [१२:०]
प्लॉट "विहीर.डॅट" यूझिंग १:२ विथ लाइन्सपॉइंट्स, एफ(एक्स), ११

पहिल्या ओळींत सरळ रेघेचें सूत्र आहे. त्यांतील एम म्हणजे रोजचा उतार. एफ, एक्स, एम, सी हीं एकेक इंग्रजी अक्षरेंच आहेत. दुसऱ्या ओळीनें आज्ञावली आपल्या ठिपक्यांस जास्तींत जास्त जुळणारी सरळ रेघ शोधते. फिटची ही ओळ मापें ठरविण्याच्या ओळींपूर्वींच असावी. शेवटच्या ओळींत तीन गोष्टी एकाच चित्रांत काढल्या आहेत : मोजलेले ठिपके, शोधलेली सरळ रेघ, आणि ११ मीटरांवरची आडवी रेघ, म्हणजे फूटव्हॉल्व्ह. ही फाइल चालविण्यास टर्मिनलमध्यें प्रथम आज्ञावलीचें नांव, मग एक उणें चिन्ह व त्यास लागून पी हें अक्षर, मग फाइलीचें नांव अशी ओळ द्यावी. त्या पी अक्षरामुळें काम संपल्यावरहि चित्र समोर राहतें.

आमच्या कल्पित आंकड्यांवर उतार दिवसास सुमारें ५.२ सेंटिमीटर येतो, व सरळ रेघ फूटव्हॉल्व्हच्या रेघेस २९० व्या दिवसाच्या सुमारास छेदते. तो दिवस १७ मार्चचा. उन्हाळी कांद्यास लावणीपासून सुमारें चार महिने लागतात व काढणीपूर्वीं दोनतीन आठवडे पाणी तोडतात. २७ डिसेंबरला लावलेल्या कांद्यास म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे ३०९ व्या दिवसापर्यंत तरी पाणी हवें. जवळ जवळ वीस दिवसांचा तोटा चित्रांतच उघडा पडतो, आणि तो ऐन कांदा पोसण्याच्या वेळीं.

याहून बारीक गोष्ट ठिपक्यांतच आहे. पहिल्या चौदा दिवसांत पाणी ०.६ मीटर उतरलें, नंतर ०.७, नंतर ०.८ व पुन्हां ०.८. रेघ सरळ नसून खालीं वांकत आहे. शेवटच्या अठ्ठावीस दिवसांचाच उतार धरला तर पंप ९ मार्चच्या सुमारासच उघडा पडतो. शिवाय हा उतार कांदा लावण्यापूर्वींचा आहे. कांद्याचें पाणी त्यांत नाहीं व उन्हाचा ताप पुढेंच आहे. म्हणून सरळ रेघ ही भविष्यवाणी नव्हे. आजच्याप्रमाणेंच चाललें तर काय होईल, एवढेंच ती सांगते. परंतु तेवढ्यावरून सुज्ञ मनुष्य दोन एकरांऐवजीं एकच एकर लावील, किंवा ठिबकाची सोय आधीं करील, किंवा हरभऱ्यासारख्या थोड्या पाण्याच्या पिकाकडे वळेल. रोपांचा, मजुरीचा व खताचा खर्च होऊन गेल्यावर मार्च महिन्यांत हेंच ज्ञान झालें तर त्याची किंमत काय हें कोणास सांगावयास नको.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवीं पावसाचे व विहिरींचे आंकडे पाहून दर वर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडतात व त्यावरून पिकें ठरवितात. सारा गांव जें करूं शकतो तें एका विहिरीपुरतें एका कुटुंबास अवघड नाहीं.

पावसाचा आलेख

पावसाची फाइल अशीच दोन रकान्यांची करावी : दिवस व मिलिमीटर. पर्जन्यमापक रोज सकाळीं ८.३० वाजतां पाहण्याचा हवामान खात्याचा परिपाठ आहे; आपणहि तोच ठेवावा. जुन्या वहींत पाऊस इंचांत असेल तर २५.४ नें गुणून मिलिमीटर करावे. रोजच्या पावसास रेघ जोडणें बरोबर नाहीं, कारण एका दिवसाचा पाऊस दुसऱ्या दिवसांत वाहत जात नाहीं. म्हणून उभ्या काठ्या काढाव्या :

प्लॉट "पाऊस.डॅट" यूझिंग १:२ विथ इम्पल्सेस

परंतु पिकाच्या दृष्टीनें याहून उपयोगी चित्र एकूण पावसाचें. रोजचा पाऊस बेरजेंत मिळवीत जाणारी रेघ पुढील आज्ञेनें निघते :

प्लॉट "पाऊस२४.डॅट" यूझिंग १:२ स्मूथ क्युम्युलेटिव्ह, "पाऊस२५.डॅट" यूझिंग १:२ स्मूथ क्युम्युलेटिव्ह

येथें दोन वर्षांच्या दोन फाइली एकाच चित्रांत घेतल्या आहेत. विहिरीचें चित्र याच बैठकींत काढलें असेल तर आधीं रीसेट ही एका शब्दाची आज्ञा द्यावी, म्हणजे तेथील उलटें माप येथें लागूं होत नाहीं. दोन वर्षांच्या रेघा सप्टेंबरअखेर एकाच उंचीवर पोंचल्या तरी त्यांची चाल निराळी असूं शकते. एक जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें सावकाश चढते. दुसरी जुलैंत एकदम चढून ऑगस्टांत आडवी पडते. ती आडवी पडलेली जागा म्हणजे पावसाचा खंड. वर्षाची बेरीज दोन्हींची सारखी, पण हलक्या जमिनींतील सोयाबीन एका वर्षीं घरीं येतें व दुसऱ्या वर्षीं शेंगा भरण्यापूर्वींच सुकतें. सरासरी पाऊस पडला असें कोणी म्हणेल तेव्हां ही आडवी रेघ त्याच्यापुढें ठेवावी. मंडळाच्या ठिकाणीं मोजलेला पाऊस आपल्या शिवारांत पडलाच असें नसतें, म्हणूनहि घरच्या मापाचें महत्त्व आहे.

चित्र फसवूं नये म्हणून

आलेखानें सत्य दिसतें तसें असत्यहि दिसूं शकतें. त्यासाठीं तीन नियम पाळावे.

पहिला नियम मापाचा. उभें माप आपण ठरविलें नाहीं तर आज्ञावली तें आंकड्यांच्या चढउतारावरून स्वतःच ठरविते. समजा, कांद्याचा भाव क्विंटलास १,८०० वरून १,९०० रुपये झाला. माप १,८०० पासूनच सुरूं झालें तर रेघ कागदाच्या तळापासून माथ्यापर्यंत चढेल व भाव गगनास भिडला असें वाटेल. तेंच माप शून्यापासून घेतलें तर रेघ जेमतेम हलेल. यास्तव भावाच्या व पावसाच्या चित्रांत वायरेंज शून्यापासून ठरवावी, व ज्या वर्षांची तुलना करावयाची त्या सर्वांस तीच ठेवावी.

दुसरा नियम न घेतलेल्या मापाचा. कांहीं दिवस माप घेतलें नसेल तर त्या जागीं शून्य लिहूं नये. पावसाच्या रकान्यांतील शून्य म्हणजे पाऊस पडला नाहीं. विहिरीच्या रकान्यांतील शून्य म्हणजे पाणी जमिनीबरोबर आलें. माप न घेणें ही तिसरीच गोष्ट आहे. विहिरीच्या फाइलींत अशा ठिकाणीं एक ओळ कोरी सोडावी. आज्ञावली तेथें रेघ तोडते व पुढें नवी सुरूं करते. तुटकी रेघ पाहून लाज वाटण्याचें कारण नाहीं. खोटा आंकडा घालून सांधलेल्या रेघेपेक्षां ती अधिक विश्वासाची.

तिसरा नियम दुरुस्तीचा. चित्र आपल्या मनासारखें आलें नाहीं म्हणून आंकड्यास हात लावूं नये. एखादा आंकडा लिहितांना चुकला अशी खात्री असेल तर ती ओळ पुसूं नये. तिच्या आरंभीं # ही खूण घालावी व खालीं शुद्ध ओळ लिहावी. जुन्या दप्तरांत चुकीवर एक रेघ मारून बाजूस सही करीत, त्याच जातीची ही शिस्त आहे.

चित्र जपून ठेवणें

चित्र कागदावर छापावयाचें अथवा कोणास पाठवावयाचें असेल तर "विहीर.जीपी" या फाइलींत प्लॉटच्या ओळीपूर्वीं या दोन ओळी घालाव्या :

सेट टर्मिनल पीएनजी
सेट आउटपुट "विहीर.पीएनजी"

मग चित्र पडद्यावर न येतां त्या नांवाच्या फाइलींत उमटतें. ज्या जुन्या संगणकावर चित्राची खिडकी उघडत नाहीं, तेथें पीएनजी शब्दाच्या जागीं डम्ब हा शब्द घालावा व आउटपुटची ओळ गाळावी. मग टर्मिनलांतच अक्षरांचा व खुणांचा ओबडधोबड आलेख उमटतो. तो देखणा नसला तरी उतार कळण्यास पुरेसा असतो.

आतां दर पंधरवड्याचें काम एवढेंच राहतें. माप घ्यावें, फाइलीच्या शेवटीं एक ओळ वाढवावी व "विहीर.जीपी" पुन्हां चालवावी. जूनपासून आरंभ केला तर दिवाळीनंतर उतार दिसूं लागतो, व रोप टाकण्यापूर्वीं निर्णयास आधार मिळतो. ज्यांची वही आधींच भरलेली आहे त्यांनीं मागील तीनचार वर्षांचे आंकडे प्रत्येक वर्षाच्या निराळ्या फाइलींत उतरून घ्यावे व सर्व रेघा एकाच चित्रांत काढाव्या. ज्या वर्षीं विहीर आटली त्या वर्षाची रेघ डिसेंबरांतच इतरांपासून कशी वेगळी पडली होती, तें त्यांस तेथें पाहावयास मिळेल. चालूं वर्षाची रेघ कोणत्या जुन्या रेघेच्या जवळून चालली आहे हें पाहून मग कांद्याचें रोप मोजावें.